नवाबाची हौस, रयतेचं दालन

संग्रहालयशास्त्राच्या परीक्षेला बसवलं तर हैदराबादचं सालारजंग संग्रहालय जेमतेम काठावर पास होईल. एका दालनात दक्षिणेतल्या कांस्यमूर्ती, थोडं पुढं युरोपातली झुंबरं, कुठं जपानी भरतकाम, मधेच हातातल्या काठ्यांचं स्वतंत्र दालन, एक खेळण्यांचं, एक शस्त्रांचं, आणि वळाल तिथं चिनी मातीची भांडी. कशामागून काय यावं याला धरबंध नाही. जाणकार मंडळी इथं येऊन हळूच नाक मुरडतात. उत्तम आणि सामान्य यांची सरमिसळ झालीय, युरोपीय तैलचित्रांत नकला बऱ्याच आहेत, एका माणसाच्या हौसेला काही संग्रहाचं धोरण म्हणत नाहीत, वगैरे. यातलं एकही म्हणणं खोटं नाही. पण मला हे संग्रहालय त्याच्या याच अस्ताव्यस्तपणासाठी आवडतं, आणि त्या अस्ताव्यस्तपणामुळंच ते आपल्या गावाच्या कामी येतं, असं माझं मत आहे.

गाव तरी कसलं! मुसीच्या दक्षिण काठावर, दारुलशिफा भागात ही पांढरी इमारत उभी आहे. मागं चारमिनारचं जुनं शहर, नदीपलीकडं अफझलगंज आणि उस्मानिया दवाखाना, जवळच इमलीबनचा अवाढव्य बसतळ. त्या बसतळावर तेलंगणातल्या खेड्यापाड्यांतल्या गाड्या येतात, तशा नांदेड, लातूर, बिदरकडच्याही येतात. दवाखान्यात नातेवाइकाला भेटायला आलेली, लग्नाचा बस्ता बांधायला आलेली, मुलाला परीक्षेला सोडून दिवसभर काय करायचं म्हणून आलेली माणसं इथं शिरतात. ती तेलुगू बोलतात, दखनी उर्दू बोलतात, कानडी, मराठी, मारवाडी बोलतात. कलेचा इतिहास वाचून आलेला माणूस त्यांत हजारात एखादा. बाकीच्यांना पाट्या वाचायची फारशी सवय नाही आणि हौसही नाही. अशा गर्दीला एखादं संग्रहालय काय देऊ शकतं? मोठमोठ्या राजधान्यांतल्या संग्रहालयांना हा प्रश्न अलीकडं पडू लागलाय. सालारजंगमध्ये तो कुणी विचारलेला नसताना त्याचं उत्तर तयार होतं.

हे उत्तर ज्याच्या हौसेतून आलं तो माणूस जन्मानं पुण्याचा. मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, १३ जून १८८९ रोजी पुण्यात जन्मले. मूल महिन्याचं व्हायच्या आत वडील गेले. आजोबा मीर तुराब अली खान, पहिले सालारजंग, हे १८५३ पासून १८८३ पर्यंत निजामाचे दिवाण होते आणि हैदराबाद संस्थानाच्या कारभाराची घडी त्यांनीच बसवली. नातवालाही १९१२ साली, ऐन तेविसाव्या वर्षी, सातव्या निजामानं दिवाण केलं. १९१४ मध्ये ते पद सुटलं. पुढची पस्तीसेक वर्षं या गृहस्थांनी वस्तू जमवण्यात घालवली. लग्न केलं नाही. देशोदेशींचे व्यापारी त्यांच्या वाड्याच्या, दिवाण देवडीच्या, पायऱ्या झिजवत होते. २ मार्च १९४९ रोजी ते वारले तेव्हा देवडीत खोल्यांमागून खोल्या भरलेल्या होत्या आणि थेट वारस कुणी नव्हता.

तारखेकडं जरा लक्ष द्या. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आलं. मराठवाड्यातल्या माणसांच्या मनात रझाकारांच्या जखमा ओल्या होत्या. हैदराबादेतल्या मुसलमान घरांतही वेगळ्या, पण तितक्याच ओल्या जखमा होत्या. अशा शहरात १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंनी त्याच दिवाण देवडीत या संग्रहालयाचं उद्घाटन केलं. मांडणी केली होती जेम्स कझिन्स या आयरिश कवी-समीक्षकानं. त्रावणकोरचं चित्रालय लावून देणारे कझिन्स ते हेच. नात्यातल्या हक्कदारांचे दावे कोर्टात चालूच होते. १९५८ मध्ये तडजोड झाली आणि संग्रह भारत सरकारकडं आला. १९६१ मध्ये संसदेनं कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला आणि १९६८ मध्ये संग्रह देवडीतून आजच्या इमारतीत हलला. तेव्हा हे दान म्हणून मिळालेलं संग्रहालय आहे, असं म्हणताना जरा जपून. निपुत्रिक मरण, वारसांचं भांडण आणि सरकारी समिती एवढ्यांनी मिळून ते घडवलं.

आणि पैसा कुणाचा? सालारजंगांच्या जहागिरीत कर्नाटकातलं कोप्पळ आणि यलबुर्गा होतं, आणि आपल्याकडचं अजंठा गावही होतं. त्या रानांतल्या साऱ्यातून ही झुंबरं आणि ही चिनी भांडी आली. 'नवाब' म्हटलं की मराठवाड्यातल्या जुन्या माणसाच्या कपाळावर आठी येते, ती काही उगाच येत नाही. पण हा हिशोब उलटाही मांडता येतो. ज्यांच्या पणजोबांनी सारा भरला, त्यांची पोरं आज तिकीट काढून या दालनांतून हिंडतात. वस्तूंवर त्यांचा हक्क सांगायला आणखी वेगळा कागद कशाला हवा?

आत शिरलेला बहुतेक माणूस आधी विचारतो, "रिबेका किधर है?"

पहिले सालारजंग १८७६ साली युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. त्या दौऱ्यात त्यांनी जोव्हान्नी मारिया बेंझोनी या इटालियन शिल्पकाराची बुरख्यातली रिबेका विकत घेतली. त्याच साली इकडं दख्खनवर पाऊस रुसला आणि पुढची दोन वर्षं सोलापूर, विजापूर, बळ्ळारीपर्यंतच्या मुलखानं भयंकर दुष्काळ पाहिला, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही. तेही माहीत असावं. आणखी एक गोष्ट: वाटाडे हा पुतळा जगात एकुलता एक असल्याचं ठणकावून सांगतात. तसं नाही. बेंझोनीच्या कारखान्यातून याच्या अनेक प्रती निघाल्या आणि अमेरिकेत अटलांटाच्या संग्रहालयातही एक आहे. एवढं कळल्यानं तिचं तेज काही कमी होत नाही.

कथा बायबलमधली. अब्राहामाचा सेवक त्याच्या मुलासाठी, इसहाकासाठी, मुलगी शोधायला निघतो. विहिरीवर एक मुलगी त्याला आणि त्याच्या उंटांना पाणी पाजते. सोयरीक ठरते, लांबचा प्रवास होतो. शेवटी शेतातून एक पुरुष चालत येताना दिसतो. हा कोण, असं ती विचारते. हाच नवरामुलगा, हे कळताच उंटावरून उतरून चेहऱ्यावर वस्त्र ओढून घेते. शिल्पकारानं नेमका तो क्षण उचललाय. ओढलेलं वस्त्र अजून चेहऱ्यावर बसतंच आहे, पापण्या खाली झुकल्यात.

या पुतळ्याजवळ थोडं थांबून बघावं. वस्त्राआडून चेहरा दिसतो, असं आपण म्हणतो, पण संगमरवर कुठंच पारदर्शक नाही. पापणी आणि तिच्यावरचं वस्त्र एकाच दगडाचे, एकाच पृष्ठावरचे. मग डोळा फसतो कसा? बेंझोनीनं नाक, ओठ, गाल यांच्या कडा मुद्दाम बोथट ठेवल्यात, जणू धुक्यात दिसावं तशा. त्यांच्यावरून कपड्याच्या बारीक, धारदार सुरकुत्या आडव्यातिडव्या ओढल्यात. जे बोथट ते डोळा मागं ढकलतो, जे धारदार ते पुढं ओढतो. दोहोंमध्ये हवेची एक फट आहे असं आपणच ठरवून टाकतो. नजर खाली अंगावरच्या वस्त्रावर आणली की दुसरी युक्ती कळते. तिथं चुण्या जाड आहेत, खोल कोरल्यात, त्यांत सावल्या साचतात. खालच्या कपड्याच्या या जडपणामुळं वरचं वस्त्र फुंकर मारली तर उडेल इतकं हलकं वाटतं. एकट्या चेहऱ्याचा फोटो पाहून ही गंमत निम्मीच कळते. सगळा पुतळा डोळ्यांत मावेल इतकं लांब उभं राहायला हवं. गर्दीत ते सहसा जमत नाही.

आता खरं सांगायचं तर शिल्प म्हणून रिबेका पहिल्या रांगेतली नाही. १७५३ साली नेपल्समध्ये सानमार्तीनो या शिल्पकारानं वस्त्राखाली झाकलेला मृत ख्रिस्त कोरला. त्यात ते वस्त्र ख्रिस्ताच्या वेदना आणखी उघड्या करतं. वस्त्र काढून घेतलं तर शिल्पच उरणार नाही. रिबेकेचं वस्त्र काढलं तर खाली एक गोड, बेतशुद्ध, त्या काळच्या युरोपातल्या दिवाणखान्यांना आवडणारा चेहरा उरेल, बाकी काही नाही. हातोटी दाद घेऊन जाते आणि मन जागच्या जागी राहतं.

हैदराबादेत मात्र या पुतळ्याला असा प्रेक्षक भेटला जो त्याला रोममध्ये भेटणं शक्य नव्हतं. त्याच्यासमोर काळ्या बुरख्यातल्या बायका उभ्या राहतात. घुंघट घेतलेल्या मारवाडी बायका उभ्या राहतात. आरशांच्या ओढण्या घेतलेल्या लंबाडा बायका आणि डोक्यावरचा पदर सावरणाऱ्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या उभ्या राहतात. चेहऱ्यावर कापड घेण्याचा अर्थ या सगळ्यांना शिकवावा लागत नाही. कुणाला तो अडचणीचा वाटत असेल, कुणाला अब्रूचा, कुणाला नुसता सवयीचा. कोण आल्यावर ओढायचं, किती ओढायचं, आतून किती दिसतं, हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. एकदा नऊवारीतली एक आजी चांगली निरखून निरखून म्हणाली, "मलमल हाय गं ही." सून म्हणाली, "दगड हाय आई तो." आजी जरासुद्धा हलली नाही. "असंना का दगडाचं. कापड मलमलीचंच हाय." बेंझोनीला यापेक्षा मोठी पावती कुठल्या समीक्षकानं दिली असेल असं वाटत नाही. आजीनं पुतळ्याऐवजी कापडाची परीक्षा केली, आणि शिल्पकाराची सारी पैज त्या कापडावरच तर होती.

रिबेकेपेक्षा मला स्वतःला लाकडातला तो जोडपुतळा जास्त भावतो. सिकॅमोरच्या एकाच ओंडक्यातून पुढच्या बाजूला मेफिस्टोफेलिस आणि पाठीमागं मार्गारेटा कोरलीय. मागं आरसा लावलाय, म्हणून समोर उभं राहून दोघंही दिसतात. काम एकोणिसाव्या शतकातलं, फ्रेंच. गटेच्या 'फाउस्ट'मधली ही पात्रं. मेफिस्टोफेलिस सैतानाचा दूत आणि मार्गारेटा त्याच्या डावात बळी पडलेली साधी मुलगी. तो छाती काढून ताठ उभा, ओठांवर कुत्सित हसू. ती मान खाली घालून, हातात प्रार्थनेचं पुस्तक. आपल्याकडं अर्धनारीनटेश्वराची मूर्ती आहे. तिथं दोन अर्धी शरीरं शेजारीशेजारी, एकाच नजरेत मावणारी, एकमेकांत मिसळून पूर्ण होणारी. इथं दोघं पाठीला पाठ लावून आहेत. लाकूड एकच असूनही त्यांना एकमेकांचं तोंड कधी दिसणार नाही. बाजूला सरकून पाहिलं की त्याच्या वस्त्राची कड कुठं संपते आणि तिचा झगा कुठं सुरू होतो ती सीमा सापडते. शिल्पकाराचं खरं धाडस त्या अरुंद पट्टीत आहे. लोक पुढून बघून आरशाकडं वळतात आणि बाजू राहूनच जाते. आरशात बघणाऱ्याचं तोंडही दिसतं हा योगायोग असेल, पण मोठा मार्मिक. 'फाउस्ट' न वाचलेला माणूस 'ओठांत एक नि पोटात एक' असं म्हणून पुढं जातो. त्याला गटे बऱ्यापैकी समजला, असं मी मानतो.

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी मात्र सगळी दालनं ओस पडायला लागतात. लोकांची रीघ एकाच दिशेनं लागते. घड्याळाकडं! कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीचं हे एकोणिसाव्या शतकातलं घड्याळ. त्यात एक छोटा लोहार ऐरणीवर सेकंदासेकंदाला घण घालत असतो, आणि दर तासाला दार उघडून एक दाढीवाला माणूस बाहेर येतो, जितके वाजले तितके टोले घंटेवर देतो आणि परत आत जातो. बस्स, एवढंच. बारा वाजता टोले सगळ्यांत जास्त, म्हणून गर्दीही सगळ्यांत जास्त. शाळेची पोरं फरशीवर बसतात, बाप्ये पोरांना खांद्यावर घेतात, मोबाइल वर होतात. बाराव्या टोल्याला सगळे हसतात. का हसतात हे त्यांना विचारलं तर सांगता येणार नाही. कलासमीक्षेत या घड्याळाला जागा नाही, यंत्र म्हणूनही ते अचाट नाही. पण परक्या माणसांनी एका जागी जमून एकाच गोष्टीची वाट बघायची आणि ती घडल्यावर एकदम हसायचं, असे प्रसंग या शहरात फार नाहीत. देवळात वेगळे लोक जमतात, दर्ग्यात वेगळे, मॉलमध्ये तर आणखीच वेगळे. इथं दर तासाला सगळे जमतात. संग्रहालयानं आणखी काही केलं नसतं आणि एवढंच केलं असतं तरी तिकीट वसूल होतं.

मला सगळ्यात जास्त वेळ खाणारं दालन मात्र बिदरीचं. तिथं गर्दी कमी, हे एक कारण. दुसरं कारण, भालकी-औरादकडच्या माणसाला इथं आपल्या दारची वस्तू भेटते. युरोपच्या संगमरवराकडं तोंडाचा आ वासून बघणारा माणूस इथं येऊन तोंड मिटतो आणि नीट बघायला लागतो.

बिदरीचं काम असं: जस्त पुष्कळ आणि तांबं थोडं अशा मिश्रणाचं भांडं साच्यात ओततात. तासून गुळगुळीत करतात. मोरचुदाच्या पाण्यानं ते तात्पुरतं काळं करतात म्हणजे त्यावर रेघ उठून दिसते. कारागीर हातानंच नक्षी काढतो, छिन्नीनं ती कोरतो आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतो. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्रा खोल बसवायच्या कामाला तहनिशां. मग सगळं घासून चकचकीत करतात. यावेळी नक्षी जवळजवळ दिसेनाशी होते, चांदी आणि जस्त एकाच रंगाचे. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून भांड्यावर लावतात. ती माती जिभेवर ठेवून पारखणारे कारागीर आहेत. या लेपानं जस्त काळंकुट्ट पडतं, चांदीला मात्र काही होत नाही. अंधारातून फुलं वर येतात.

आता काचेमागचा एखादा हुक्क्याचा बैठा पेला घ्या. काळ्या पोटावर चांदीची फुलझाडं, एकेक झाड आपापल्या जागी सुटं, मधे भरपूर काळी जागा मोकळी. शिकाऊ हात ही मोकळी जागा भरून टाकतो. मुरलेला हात तिला हात लावत नाही. काळ्याचा तो सपाट, मखमली मोकळेपणा नसेल तर चांदी नुसती चमकेल, बोलणार नाही. शेजारी पानदानं आहेत, सुरया आहेत, हात धुवायचे आफताबे आहेत. भांडी रोजच्या वापराची, चैनीच्या रोजच्या वापराची. बिदर भागातल्या कितीतरी घरांत आजही असं एखादं पानदान माळ्यावर पडलेलं असतं, चांदी उडालेली, रंग विटलेला. ते विकायला काढलेला माणूस या काचेपाशी थबकला, तर या दालनानं आपलं काम केलं. जुन्या शहरात बिदरीचे कारागीर अजून आहेत, ही गोष्ट या दालनातल्या कोपऱ्यात कुठं तरी ठळक लिहायला हवी. मागं पाहणाऱ्याला पुढं कुठं जायचं तेही कळलं पाहिजे.

बाकीच्या दालनांचं थोडक्यात. जेडच्या दालनात शम्सुद्दीन अल्तमशच्या नावाची रेहाल आहे, नूरजहाँची म्हणून दाखवली जाणारी सुरी आहे, शाहजहाँच्या अंगठ्यातलं धनुर्धाऱ्याचं कडं आहे. वस्तू लहान, दिवे मंद, गर्दीच्या दिवशी दिसतात त्या नुसत्या डोक्यांच्या रांगा. रविवर्म्याची चित्रं आहेत. ती आपल्याकडच्या माणसाला औंधच्या संग्रहालयात जास्त निवांत पाहता येतील. टिपू सुलतानाला फ्रान्सच्या सोळाव्या लुईनं भेट दिलेल्या म्हणून हस्तिदंती खुर्च्या दाखवतात. त्या फार सुंदर आहेत, आणि भेटीची गोष्ट खरी असो-नसो, त्यांना बसायला कुणी वापरलं असेल असं वाटत नाही.

ग्रंथालयाबद्दल मात्र दोन ओळी जास्त. इथं याकूत अल-मुस्तासिमी या तेराव्या शतकातल्या सुलेखनकाराच्या हातचं कुराण आहे आणि त्यावर जहांगीर, शाहजहाँ, औरंगजेब या तिघांच्या स्वाक्षऱ्या आहेत. हैदराबाद वसवणाऱ्या मुहम्मद कुली कुतुबशाहाच्या काव्याचं चित्रांकित हस्तलिखितही इथलंच. त्याची दखनी वाचली की मराठी कानाला मधूनच ओळखीचं काही ऐकू येतं. हा राजा सणवार, पाऊस, भाज्यांवरसुद्धा लिहीत होता. दख्खनच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला फार्सी-उर्दूचा कंटाळा करून चालणार नाही, हे सेतुमाधवराव पगडींनी एका आयुष्यात दाखवून दिलं. त्यांच्यानंतर त्या वाटेनं गेलेले किती, हे ज्याचं त्यानं बघावं.

अशी हौस एकट्या नवाबालाच होती असं नाही. त्याच काळात पुण्यात दिनकर केळकर अडकित्ते, वज्री, लामणदिवे, कुलपं, खिडक्या गोळा करत गावोगाव फिरत होते. आपल्या गेलेल्या लेकाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९७५ साली ते महाराष्ट्र सरकारच्या हाती दिलं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली आपल्या छोट्या संस्थानात भवानी संग्रहालय उघडलं, त्यात हेन्री मूरपर्यंतचं काही ना काही आणलं. या तिघांत सर्वांत सुसंस्कृत नजर पंतप्रतिनिधींची, सर्वांत प्रेमळ केळकरांची. केळकरांच्या संग्रहालयातून माणूस आपलंच घर पाहून बाहेर पडतो. सालारजंगमध्ये घर आणि परघर शेजारीशेजारी आहेत. पानदान पाहून ओळखीनं मान हलवलेला माणूस चार पावलांवर एखाद्या जर्मन बाहुलीसमोर बुचकळ्यात पडतो. ओळख आणि बुचकळा यांचं हे आलटूनपालटून येणं कुणी आखलेलं नाही. नवाबाला ज्या दिवशी जे आवडलं ते त्यानं घेतलं, म्हणून ते आलं. संग्रहाला धोरण असतं, तज्ज्ञ असते, विषयवार दालनं असती, तर अजंठ्याकडचा शेतकरी आपल्या विषयाचं दालन बघून घरी गेला असता.

अजंठ्यावरून आठवलं. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं अजंठ्याची भित्तिचित्रं वाचवायला इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोघे तज्ज्ञ आणवले. त्याआधी चव्वेचाळीस वर्षं इटलीहून रिबेका आली होती. आपल्या मातीतली चित्रं सावरायला इटालियन हात आले आणि इटालियन हातची मूर्ती त्याच मातीच्या साऱ्यावर आली. हा हिशोब कुणी मांडून दाखवत नाही. खरं म्हणजे रिबेकेच्या शेजारी एक छोटा फलक लावून तो मांडायला हवा.

तक्रारी आहेतच. पाट्या बहुतेक ठिकाणी नाव-काळ-देश इतकंच सांगतात. वस्तू कशी घडवली, कुणी वापरली, हैदराबादेत कशी पोहोचली, यावर चकार शब्द नाही. रविवारी रिबेकेपुढं मिनिटभर उभं राहता आलं तर नशीब. तिच्याकडं नेणाऱ्या वाटेला वेळेची पाळी लावली, तर कुणाचंही नुकसान होणार नाही. आणि मराठी पाटी मला तरी इथं कुठं दिसली नाही, कानडीही दिसली नाही. हैदराबाद आता तेलंगणाची राजधानी आहे, तेव्हा तेलुगू आणि उर्दू आधी, हे बरोबरच. पण ही संस्था साऱ्या देशाच्या कायद्यानं चालते आणि तिच्या काचांमागच्या वस्तू कोप्पळ आणि अजंठ्याच्या साऱ्यावर आलेल्या आहेत. विश्वस्तांनी निदान बिदरीच्या दालनात आणि रिबेकेपाशी मराठी व कानडी मजकूर लावावा. मजकूर लिहून द्यायला हैदराबादेतल्या मराठी संस्थांत माणसं आहेत. १९२२ पासून चाललेलं मराठी ग्रंथसंग्रहालय याच शहरात आहे. त्यांनीही आपण होऊन विचारायला हरकत नाही.

तुम्ही जाणार असाल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी दहाला, दार उघडताच जा. आधी बिदरी बघा, मग जोडपुतळा बाजूनं बघा, रिबेका दुपारच्या घड्याळाच्या गर्दीत बघा, कारण तेवढ्या वेळात तिच्यापाशी कुणी नसतं. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला बरोबर न्या आणि ते काय म्हणतं ते ऐका. शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.